पित्ताची गोळी

मिनिटमास्तर हे नाव त्यांना आजाऱ्यांनी दिलं नव्हतं, ठणठणीत माणसांनी दिलं होतं. मास्तर ज्या केंद्रात रक्त घ्यायचं काम करत, तिथे आजारी माणसाला प्रवेशच नव्हता. नवं औषध माणसाच्या अंगात किती वेळानं पोचतं, किती टिकतं, एका गोळीबरोबर दुसरी घेतली तर पहिलीचं काय होतं, हे तपासायचं ते ठिकाण. त्यासाठी निरोगी माणसं स्वखुशीनं येत, नंबर छापलेला निळा सदरा अंगात चढवत, दीड-दोन दिवस पलंगावर पडून राहत आणि हातात बसवलेल्या सुईतून ठरल्या वेळी रक्त देत.

ठरल्या वेळी म्हणजे ठरल्या मिनिटाला. गोळी घेतल्यावर तासानं, मग दोन तासांनी, तीन तासांनी, असं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. चोवीस पलंग, दर पलंगामागे दोन मिनिटांचं अंतर. एकाचं आटपतंय तोवर दुसऱ्याची वेळ झालेली. मास्तर ट्रॉली पुढे ढकलत, नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे ठेवून पुकारायचे, "चार नंबर, हात पुढे. नऊ वाजून सहा." नऊ वाजून सात झाले तर कागदावर सातच लिहायचे, आणि पुढे 'एक मिनिट उशीर' अशी स्वतःचीच चहाडी करायचे. एकदा सात नंबरचा गडी संडासातून बाहेर येईना, तेव्हा मास्तरांनी दारावर टकटक करून सांगितलं होतं, "तुमचं होऊ द्या सावकाश. हात तेवढा दारातून बाहेर द्या." त्या दिवसापासून ते मिनिटमास्तर.

घरी त्यांची ताई होती. मास्तरांहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मास्तर सहा वर्षांचे होते. त्यांची शाळा, ताप, नखं, नाक सगळं ताईनंच काढलं. पुढे मास्तरांचं लग्न झालं, चार वर्षांत बायको गेली, मूलबाळ नव्हतं. ताईनं लग्नाच्या वाटेला जाणंच टाळलं. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ही दोघं भावंडं राहायची, आणि मास्तर पंचावन्नचे झाले तरी ताई त्यांना धाकट्या म्हणायची.

ताई मोटार चालवायला शिकवायची. तिच्या गाडीला तिच्या बाजूलाही एक ब्रेक होता आणि तिचा पाय तीस वर्षं त्याच्यावरून हलला नव्हता. बोलणं असं, की शिकणाऱ्याला थंडीतही घाम फुटावा. "समोर झाड आहे. ते बाजूला सरकणार नाही. तुम्हालाच सरकावं लागेल." किंवा, "गिअर आहे तो. रंगाचा डबा ढवळल्यासारखा ढवळू नका." तरी लोक तिच्याकडेच यायचे, कारण तिच्या हाताखालून गेलेला माणूस पुढे कुठे धडकत नसे.

धडकला तो एकच. सव्वीस वर्षांपूर्वी एका शिकाऊ गृहस्थानं घाबरून ब्रेकऐवजी भलतंच पेडल इतक्या जोरात दाबलं, की ताईचा ब्रेक लागेपर्यंत गाडी भिंतीत गेली. ताईचं कंबरेचं हाड मोडलं. इस्पितळात दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. रक्तात यकृताचा विषाणू आहे की नाही हे बघायची सोय तिथे तेव्हा नव्हती. हाड सांधलं, ताई पुन्हा गाडीत बसली, आणि विषाणू यकृतात मुक्कामाला राहिला. सव्वीस वर्षं त्यानं ताकास तूर लागू दिली नाही.

शिवाय ताईला पित्त होतं. तिचं पित्त दोन्ही अर्थांनी खवळायचं, पण पोटातलं जास्त. जेवणाच्या वेळा कधी धड नव्हत्या, शिकवण्याच्या मध्ये चहावर चहा. अकरा वर्षांपूर्वी कुणीतरी तिला जांभळी गोळी दिली, पोटातलं आम्ल तयार होणंच बंद करणारी, आणि तेव्हापासून छातीतली आग थांबली. सकाळी उठलं की दात घासणं, केस विंचरणं आणि पित्ताची गोळी. ती औषधात मोडते हेही ताई विसरून गेली होती. महिन्यातून दोनदा मास्तर कामावरून येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून पाकीट आणायचे. ते पायरी चढताना दिसले की औषधवाल्याचा हात न विचारता त्या फळीकडे जायचा.

मग ताईला थकवा यायला लागला. दोन शिकवण्या झाल्या की गाडीतच डोळे मिटून बसायची. तपासण्या झाल्या, आणि मोठ्या सरकारी इस्पितळातल्या यकृताच्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, की विषाणू आहे, जुना आहे, यकृताचा बराच भाग घट्ट झाला आहे, पण वेळ गेलेली नाही. नवी गोळी निघाली आहे. रोज एक, चौऱ्याऐंशी दिवस. सरकारी योजनेतून मिळते. शंभरातले पंच्याण्णव बरे होतात.

"आणखी काही औषध चालू आहे?" डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं.

"छे," ताई म्हणाली. तिला त्याचा अभिमान होता. "रक्तदाब नाही, साखर नाही. काही नाही."

मास्तर शेजारच्या खुर्चीत होते. मांडीवरच्या पिशवीत त्याच सकाळी घेतलेली जांभळ्या गोळ्यांची दोन पाकिटं होती. केंद्रात येणाऱ्या प्रत्येक माणसाकडून याच प्रश्नाचं एक अख्खं पान मास्तर स्वतः भरून घेत: सर्दीची गोळी, जुलाबाची, पित्ताची, ताकदीची, पाल्याचा काढा. त्या खुर्चीत मात्र तेही गप्प बसले. लपवायचं म्हणून नाही. त्यांच्या मनात ते आलंच नाही.

नवी गोळी सुरू झाली. मास्तरांनी स्वयंपाकघराच्या दारामागे चौऱ्याऐंशी चौकटींचा कागद लावला. सकाळी सात वाजता पेलाभर पाणी, गोळी, आणि मग केंद्रातल्यासारखी छोटी बॅटरी घेऊन, "तोंड उघड. जीभ वर. डावा गाल."

"मी गोळी गालात लपवून विकते की काय?" ताई म्हणायची, पण तोंड उघडायची. मग मास्तर चौकटीत वेळ लिहायचे. सात. सात. सात. एकदा सात वाजून चार, कारण पाणी गेलं होतं.

जांभळी गोळी ताई त्याच्या आधी, उठल्या उठल्या घ्यायची. नव्या गोळीनं पोट बिघडू नये म्हणून मास्तरांनीच एकदा सुचवलं होतं, की पित्ताची तेवढी चुकवू नकोस.

चौथ्या आठवड्यात रक्तात विषाणू दिसला नाही. बाराव्या आठवड्यात दिसला नाही. ताईनं शिकवण्या पुन्हा चालू केल्या, गाडीच्या आरशाला नवी चौकट बसवून घेतली. शेवटची तपासणी तीन महिन्यांनी होती; ती नुसती रीत म्हणून, असं दोघांना वाटत होतं. मास्तर तर त्या दिवशी रजा न घेता अर्ध्या दिवसाच्या बोलीवर गेले.

विषाणू परत आला होता. पहिल्याइतकाच.

यकृताच्या डॉक्टरांच्या दारात त्या दिवशी साठ माणसं होती. त्यांनी कागद पाहिला, ताईकडे पाहिलं आणि विचारलं, "किती दिवस चुकवल्या?"

"एकही नाही," मास्तर म्हणाले.

"तुम्ही नाही, त्यांना सांगू द्या."

"एकही नाही," ताई म्हणाली.

"सगळे असंच म्हणतात." डॉक्टर दुष्ट नव्हते, थकलेले होते. मास्तरांनी दुसऱ्या दिवशी दारामागचा कागद काढून, घडी करून त्यांच्यापुढे नेऊन ठेवला. त्यांनी तो उलगडून पाहिला आणि परत दिला. घरच्या कागदाला काय किंमत देणार? ताईच्या फायलीत त्यांनी एक ओळ लिहिली होती: रुग्णाचे औषधसेवन अनियमित. योजनेचा नियम असा, की पहिला क्रम, म्हणजे हा चौऱ्याऐंशी दिवसांचा, ज्यांनी नीट घेतला त्यांनाच दुसरा, जास्त जोरदार गोळ्यांचा क्रम मिळायचा. त्या एका ओळीनं ते दार बंद झालं.

तीन आठवड्यांनी केंद्रात नव्या अभ्यासाची बैठक झाली. असल्या बैठका मास्तरांना पाठ होत्या. केंद्राच्या डॉक्टर मॅडम पडद्यावर वेळापत्रक दाखवायच्या आणि मास्तर रक्ताच्या वेळा टिपून घ्यायचे. या वेळी त्यांनी आधी औषधाचं नाव टिपलं आणि पेन तसंच धरून बसले. तीच गोळी. यकृताच्या विषाणूची. पहिल्या फेरीत ती एकटी द्यायची. दोन आठवडे मध्ये सोडायचे. दुसऱ्या फेरीत तीच माणसं, तीच गोळी, पण आधी सहा दिवस पित्ताची गोळी देऊन. पडद्यावर पित्ताच्या गोळीचं चित्र होतं. जांभळी.

"मॅडम," मास्तरांनी विचारलं, "हे कशासाठी तपासायचं?"

बैठकीत मास्तर कधी बोलत नसत, त्यामुळे मॅडमना बरं वाटलं. "ही गोळी पोटातल्या आंबटपणात विरघळते," त्या म्हणाल्या. "आंबटपणाच नसेल तर नीट विरघळत नाही, तशीच पुढे निघून जाते. रक्तात कमी पोचते. कंपनीनं आधी पित्ताच्या पातळ औषधाबरोबर तपासलं होतं. त्यात फार फरक पडला नाही, चार तासांचं अंतर ठेवा एवढंच कागदावर छापलंय. ही जांभळी जोरदार असते. तिचं राहून गेलं होतं."

"किती कमी पोचते?"

"ते माहीत असतं तर तुम्हाला पहाटे कशाला बोलावलं असतं, मास्तर?"

सगळे हसले. मास्तरही हसल्यासारखे झाले. बैठक संपेपर्यंत त्यांच्या कानावर एक शब्द पडला नाही. त्यांना आठवत होती ती दोन पाकिटं, आणि 'पित्ताची तेवढी चुकवू नकोस' हे स्वतःचं बोलणं.

ताईला सांगायला त्यांनी चार दिवस लावले. रविवारी दुपारी ती शिकवणी संपवून मोकळ्या मैदानाच्या कडेला गाडीत बसली होती. मास्तर जाऊन शेजारच्या जागेवर बसले.

"ताई, तुझी पित्ताची गोळी."

"संपली का? आहेत अजून आठ-दहा."

"तसं नाही. तिच्यामुळे दुसरी गोळी अंगात पोचलीच नसावी."

"नसावी म्हणजे?"

"नक्की कुणालाच माहीत नाही. आम्ही तेच तपासतोय. आत्ता सुरू झालंय."

ताईनं सगळं विचारून घेतलं. आम्ल, विरघळणं, रक्त. तिला यंत्राची समज होती, तिला ते मास्तरांपेक्षा लवकर कळलं. मग ती हसली. "म्हणजे चौऱ्याऐंशी दिवस तू माझ्या गालात बॅटरी मारून बघत होतास गोळी गिळली का, आणि गिळलेली गोळी आत जाऊन वाया जात होती."

मैदानात कुणीतरी सायकल शिकत होतं. ताई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

"डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं," ती म्हणाली. "मी गाडी शिकवते, मला त्यातलं काय कळतंय? तू तिथे काम करतोस. तुला कळायला हवं होतं, धाकट्या."

रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिच्या रागाचं आयुष्य पाच मिनिटांचं असायचं. हे ती शांतपणे म्हणाली. नंतर गाडी सुरू करून दोघं घरी आली, आणि त्या वाक्याबद्दल पुन्हा कधीच बोलणं झालं नाही. तिनं ते मागे घेतलं नाही, मास्तरांनी मागे घे म्हणायचं धाडस केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं जांभळी गोळी घेतली नाही. मास्तर म्हणाले, "आता घेतलीस तरी चालेल, दुसरी गोळी चालू नाहीये."

"दुसरा क्रम मिळाला तर? तेव्हा पोट तयार पाहिजे."

अकरा वर्षं दाबून ठेवलेलं आम्ल एकदम उसळलं. पहिल्या पंधरवड्यात तर तिला आडवं होता येईना. उशांना टेकून बसायची, घशाशी आग, तोंडाला पाणी. शिकवणी चालू असताना गाडी थांबवून बाहेर ओकायची आणि परत बसून म्हणायची, "आरसा बघा, सिग्नल द्या, चला." दुकानाची पायरी मास्तरांनी सोडली. औषधवाल्यानं एकदा हाक मारून विचारलं, "ताई गावाला गेल्यात का?" मास्तरांनी होकाराची मान हलवली आणि पुढे गेले.

मास्तर यकृताच्या डॉक्टरांकडे गेले. या वेळी रांगेत चार तास बसून सगळं सांगितलं: जांभळी गोळी, अकरा वर्षं, विचारलं तेव्हा सुचलं नाही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवून ऐकलं. मग गोळीच्या खोक्यातला कागद मागवून वाचला. "यात नाही हे."

"तपासणी चालू आहे. आमच्याच केंद्रात."

"मग निकाल आणा. छापलेला, सहीचा. मी योजनेच्या समितीला लिहीन, दुसरा क्रम द्या म्हणून. नुसतं शक्य आहे म्हणून कसं लिहू? उद्या प्रत्येक जण म्हणेल, मी पित्ताची गोळी खात होतो."

मास्तर तिथून केंद्रात आले आणि डॉक्टर मॅडमच्या खोलीत जाऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत ते तिथे कधी न बोलावता गेले नव्हते. मॅडमनी ऐकलं आणि आधी त्या घाबरल्या. "हे तुम्ही मला पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. घरच्या माणसानं तेच औषध घेतलेलं असताना तुम्ही या अभ्यासात…"

"रक्ताची वेळ मी चुकवीन असं वाटतं का तुम्हाला?"

मॅडमनी मान खाली घातली. "तसं नाही, मास्तर. पण आकडे माझ्याकडेही नाहीत. दोन्ही फेऱ्यांचं रक्त गोळा होणार, मग सगळं एकदम प्रयोगशाळेत जाणार, मग आकडेमोड, मग कंपनी. आले तरी त्यांच्या परवानगीशिवाय मला एक ओळ बाहेर देता येणार नाही. मी त्यांना लिहिते, की घाई करा. एवढंच माझ्या हातात आहे."

त्यांनी खरंच लिहिलं. तीनदा लिहिलं. एकदा उत्तरही आलं, की आपल्या पत्राची नोंद घेतली आहे.

दुसरी फेरी सुरू झाली. तीच चोवीस माणसं, सहा दिवस जांभळी गोळी घेऊन आलेली. अकरा नंबरचा एक गप्पिष्ट गृहस्थ होता, हात पुढे करत म्हणाला, "मास्तर, ही पित्ताची गोळी भारी आहे हो. पोट कसं थंडगार. सुरूच ठेवावी म्हणतो." मास्तरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो बिचारा पुढे दिवसभर बोलला नाही.

त्या दिवशी मास्तरांनी एकाही मिनिटाचा उशीर केला नाही. जांभळ्या टोपणाच्या नळ्या यंत्रात फिरवल्या, वर आलेला पिवळसर पाण्यासारखा भाग छोट्या कुप्यांत काढला, चिठ्ठ्या लावल्या आणि उणे सत्तर अंशांच्या थंड कपाटात रचून ठेवल्या. ताईचं काय झालं याचं उत्तर त्या कपाटात होतं. मास्तरांनी ते स्वतःच्या हातांनी, नंबर लावून, ओळीनं आत ठेवलं होतं. पण ते वाचणं त्यांना येत नव्हतं. त्यांना नुसतं गोळा करता येत होतं.

महिने गेले. ताईचे पाय सुजायला लागले. मग पोट. शिकवणाऱ्याच्या जागेत ते मावेना, तेव्हा तिनं आसन मागे सरकवलं. मग ब्रेकवर पाय पोचेना, तेव्हा तिनं शिकवणं थांबवलं. गाडी विकायची नाही म्हणाली. इस्पितळात पोटातलं पाणी काढायचे, पंधरा दिवसांत ते परत भरायचं. मास्तर दर वेळी विचारायचे, जांभळी गोळी सुरू करायची का, निदान झोप तरी लागेल. ताई म्हणायची, "निकाल कधी?"

"येईल."

"मग थांबते."

निकाल अकरा महिन्यांनी आला. मॅडमनी मास्तरांना बोलावून दार लावलं आणि कंपनीच्या परवानगीचा शिक्का असलेलं दोन पानी पत्र हातात दिलं. पित्ताच्या गोळीबरोबर विषाणूची गोळी रक्तात निम्म्याहून कमी पोचत होती. चोवीसच्या चोवीस जणांत. शेवटी शिफारस होती, की ही दोन औषधं एकत्र देऊ नयेत. खोक्यातल्या कागदावर तशी ओळ घालावी.

"हे तुमच्या ताईंबद्दल सिद्ध करत नाही," मॅडम सावकाश म्हणाल्या. "पाच टक्क्यांत त्या एरवीही असू शकल्या असत्या. ते आता कुणालाच सांगता येणार नाही."

मास्तर पत्र घेऊन तडक इस्पितळात गेले. यकृताच्या डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं. मग ताईचे ताजे कागद मागवून वाचले.

"मी समितीला आजच लिहितो," डॉक्टर म्हणाले. "ते मंजूरही करतील. पण दुसऱ्या क्रमातल्या गोळ्या मी त्यांना आता देऊ शकत नाही. पोटात पाणी झालेल्या यकृताला त्या झेपत नाहीत. जेव्हा झेपल्या असत्या…" थोड्या वेळानं म्हणाले, "मीही त्या दिवशी नीट विचारायला हवं होतं."

घरी आल्यावर मास्तरांनी ताईला पत्र वाचून दाखवलं, पुढचंही सांगितलं. ती उशांना टेकून बसली होती. डोळे पिवळे झाले होते.

"निम्म्याहून कमी," ती म्हणाली.

"हो."

"मग आण जा ती गोळी. फार जळतंय."

मास्तर खाली गेले. औषधवाल्याचा हात त्याच फळीकडे गेला. "आल्या वाटतं ताई?" तो म्हणाला.

पुढचे दोन महिने ताई इस्पितळात होती, आणि तिचं मन जागेवर राहिलं नाही. यकृताला साफ न करता आलेलं विष डोक्यात चढतं, असं परिचारिकेनं समजावलं. कधी ती मास्तरांना 'बाबा' म्हणायची, कधी एखाद्या जुन्या शिकाऊ माणसाच्या नावानं झापायची, "हळू! क्लच सोडा! पुढे शाळा आहे!" आणि चादरीखाली तिचा उजवा पाय जोरानं दाबला जायचा. मास्तर तो पाय हातात धरून बसायचे. मधूनच ती अर्धा-एक तास शुद्धीवर यायची. तेव्हा मास्तर वाट बघायचे, की ती त्या रविवारच्या वाक्याबद्दल काहीतरी बोलेल. ती पाणी मागायची, खिडकी उघडायला सांगायची, तुझा डबा कोण करतं म्हणून विचारायची. ते वाक्य तिला आठवत होतं की नाही, हेही कळलं नाही. एका गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास, वॉर्डात लादी पुसणं चालू असताना, ती गेली.

मास्तरांनी आठ दिवसांची रजा काढली. नवव्या दिवशी कामावर जाण्याऐवजी ते इस्पितळाच्या नोंदणी कार्यालयात गेले. तळघरातली लांबट खोली, छतापर्यंत फायली, खिडकीशी एक मध्यमवयीन बाई. मास्तरांनी पत्राची प्रत आणि स्वतःच्या हातानं लिहिलेला अर्ज पुढे सरकवला. ताईच्या फायलीतली 'औषधसेवन अनियमित' ही ओळ खोडून दुरुस्त करावी, एवढंच त्यात मागितलं होतं.

बाईंनी अर्ज नीट वाचला. फाईल शोधून आणली. वरच्या कोपऱ्यातला काळा शिक्का पाहिला.

"रुग्ण वारल्या आहेत का?"

"हो."

"मग दुरुस्ती होत नाही. दुरुस्तीच्या अर्जावर रुग्णाची सही लागते."

"पण नोंद चुकीची आहे. तिनं एकही गोळी चुकवली नव्हती. रोज मी दिली. पाहिजे तर वेळा सांगतो."

"असेल हो, दादा. मी कुठे नाही म्हणते?" बाईंचा आवाज मऊ झाला. "पण बंद झालेल्या फायलीत आम्हाला काही लिहिता येत नाही. तुमचं पत्र ठेवून घेऊ का? जोडता नाही येणार, पण माझ्या खणात राहील."

मास्तरांनी पत्र ठेवलं. त्यानंतर ते आणखी दोनदा त्या कार्यालयात गेले. एकदा यकृताच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन, एकदा नुसतेच. दोन्ही वेळा उत्तर तेच मिळालं. दुसऱ्या वेळी खिडकीशी वेगळंच माणूस बसलं होतं, आणि त्या बाईंचा खण कुठला ते त्याला ठाऊक नव्हतं.